साथीचा कायदा, बंद शाळा आणि सावित्रीमाई

१० मार्च हा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. यवतमाळ जिल्ह्यातल्या बुद्धविहारांत आणि समाजमंदिरांत या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात, शेणगोळ्यांची आणि दगडांची हकिकत पुन्हा एकदा सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे. पण माईंचा मृत्यू कशाने झाला, हे आमच्या भाषणांत शेवटच्या दोन वाक्यांत उरकले जाते. कोरोनाच्या काळात आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळा दीड-दोन वर्षे कुलूपबंद राहिल्या. त्यानंतर तरी हा विषय उरकण्याजोगा राहिलेला नाही. म्हणून माईंचे चरित्र आज आम्ही शाळा आणि साथ या बाजूने पाहणार आहोत.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीमाईंचा जन्म झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. स्त्रीशूद्रांना अक्षरबंदी करणाऱ्या मनुवादी व्यवस्थेत या मुलीच्या हातात पाटी आली ती नवऱ्यामुळे. पुढे त्यांनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षणही घेतले. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या शिकवू लागल्या.

येथपर्यंतचे आमच्या पोराबाळांनाही पाठ आहे. पुढचे मात्र फारसे सांगितले जात नाही. सनातन्यांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले तेव्हा त्यांच्या शाळेच्या कामालाही काही काळ खीळ बसली. राहायला घर नाही, गाठीला पैसा नाही आणि गाव विरोधात. अशा वेळी शाळा बंद पडली असती तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पण उस्मान शेख यांनी घर दिले, सदाशिवराव गोवंडे यांनी जुन्या गंजपेठेत जागा मिळवून दिली आणि शाळा पुन्हा भरली. माईंच्या आयुष्यात शाळा काढण्याइतकेच, थांबलेली शाळा पुन्हा उभी करण्याचे कामही मोठे आहे.

३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी आठ मुली आल्या. आठ! पुढे ती संख्या अठ्ठेचाळीसवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाली. आज आमच्याकडे वीसपेक्षा कमी पटसंख्या असलेल्या शाळांकडे अधिकारी ओझे म्हणून पाहतात. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. त्याच वर्षी डिसेंबरात मोडकळीस आलेला भिडेवाडा राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक व्हावे, आम्हालाही ते हवेच आहे. पण आजचा पटसंख्येचा निकष १८५१ साली असता तर चिपळूणकर वाड्यातली शाळा पहिल्याच दिवशी समूह शाळेत गेली असती, हे स्मारकाच्या फलकावर कोणी लिहिणार आहे काय?

शाळेत मूल येण्यासाठी आधी मुलाच्या दाराशी जावे लागते, हे फुले दांपत्याने ओळखले होते. पेठांमधून, वाड्यावस्त्यांमधून फिरून त्यांनी मुली आणल्या. मातंग समाजातील मुक्ता साळवे ही त्यांचीच विद्यार्थिनी. महार-मांगांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला आणि धर्माच्या ठेकेदारांना त्यातल्या प्रश्नांचे उत्तर आजतागायत देता आलेले नाही.

१८५६ साली माई आजारी पडून माहेरी, नायगावला गेल्या. त्या ऑक्टोबरात जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना आपल्या प्रकृतीइतकीच फातिमाची काळजी आहे. आपण नसल्याने तिच्यावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला आहे. फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, असे अलीकडे काही विद्वान सांगू लागले आहेत. त्यांनी हे पत्र एकदा वाचावे. आजारी शिक्षिकेच्या जागी दुसरी उभी राहते आणि शाळा चालू राहते, याचा तो पुरावा आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली. तेव्हा माई जुन्नर-ओतूर भागात सत्यशोधकांबरोबर मदतकार्यात होत्या आणि पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उभा राहिला. त्यात दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घातले जात असे. शाळेतल्या खिचडीला नाके मुरडणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. उपाशी मुलाच्या पोटात आधी भाकरी आणि मग अक्षर, हा क्रम तेव्हा कोणी पाळला, ते त्यांना कळेल. बालहत्या प्रतिबंधक गृह, यशवंताला दत्तक घेणे, सत्यशोधक समाजाचे काम, १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत स्वतः टिटवे धरून पुढे चालणे, या साऱ्याची उजळणी चळवळीच्या वाचकांसाठी करण्याची गरज नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगची साथ आली आणि काही महिन्यांत पुण्यात पोचली. इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा कायदा, पण त्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले. पुढे पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले. त्याआधीच, साथीच्या दिवसांत, माईंनी यशवंताला बोलावून घेतले. तो डॉक्टर होता. शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना उघडला. साथ पसरू नये म्हणून रोगी मोकळ्या माळावर वेगळा ठेवायचा, हे मायलेकरांना समजत होते. पण त्या रोग्यापर्यंत जाणे त्यांनी सोडले नाही. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा लहान पांडुरंग प्लेगने तापला, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मूल वाचले, असे चळवळीच्या परंपरेत सांगितले जाते. माईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कायदा होऊन तेव्हा पाच आठवडेही झाले नव्हते.

आता त्या कायद्याचे पुढे काय झाले ते पाहा. इंग्रज गेले, राज्यघटना आली, पण तो कायदा राहिला. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोरोनासाठी तोच १८९७ चा कायदा लागू केला. शाळा बंद झाल्या. साथ नवी होती, रोगाची पुरती माहिती नव्हती. त्या मार्चमध्ये शाळा बंद करणे चूक होते, असे आम्ही म्हणणार नाही. आमचा आक्षेप उघडण्याच्या क्रमाला आहे. दारूची दुकाने राज्यात मे २०२० मध्ये उघडू लागली. बार आणि हॉटेले ५ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्याचे ठरले. फेब्रुवारीत यवतमाळ, अमरावती, अकोल्यात रुग्ण वाढले आणि आमच्या जिल्ह्यात शाळांना पुन्हा कुलूप लागले. त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला वरचे वर्ग आणि १ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातली पहिली ते चौथी सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकदा बंद, मग पुन्हा सुरू. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेल्या पोराने वर्गाचे तोंड पाहिले ते थेट दुसरीत. ज्या जिल्ह्यातल्या आयाबाया दारूबंदीसाठी मोर्चे काढतात, त्यांनी या तारखा नीट वाचाव्यात.

शाळा बंद असली तरी शिक्षण मोबाइलवर सुरू आहे, अशी घोषणा तेव्हा होत होती. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीच्या कोलाम पोडांवर, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर, उमरखेडच्या बंदीभागात ते कसे पोचणार होते? घरात एकच साधा फोन, तोही बाप मजुरीला घेऊन जातो. स्मार्टफोन असला तर रिचार्जला पैसे नाहीत, आणि दोन्ही असले तर रेंज नाही. खिचडीऐवजी कोरडा शिधा मिळाला, तोही कधी वेळेवर, कधी नाही. शिक्षक सर्वेक्षणाला आणि नाक्यावर बंदोबस्ताला जुंपले गेले. गावोगावच्या शाळांची विलगीकरण केंद्रे झाली. कापूस वेचणीच्या हंगामात आयांबरोबर मुलीही वावरात गेल्या, कारण घरी बसून करणार काय? त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. काही शिक्षकांनी मात्र पारावर, विहाराच्या ओट्यावर चार-चार मुले अंतरावर बसवून शिकवले. त्यांना कोणी आदेश दिला नव्हता. साथीचे भान ठेवूनही मुलापर्यंत जाता येते, हे त्यांनी माईंकडूनच घेतले असेल, असे आम्ही समजतो.

सरकारी दप्तरात शाळा उघडल्याची तारीख असते. मूल परत आल्याची तारीख कुठेही लिहिली जात नाही. जनरल रजिस्टरला नाव आहे, हजेरीपटावर नाव आहे, मूल मात्र ऊसतोडीला किंवा सासरी. ही मुले कोणाची आहेत? खासगी शाळांत जाणाऱ्यांची नाहीत. बौद्धांची, मातंगांची, कोलाम-आंधांची, बंजाऱ्यांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची आहेत. ज्यांच्यासाठी माईंनी शेण झेलले, त्यांचीच.

म्हणून या १० मार्चला आमच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांना एक काम सुचवतो. हार घालून झाला, त्रिशरण-पंचशील झाले, की विहारातून उठून सरळ शाळेत जावे. मुख्याध्यापकांना भेटून जून २०२० मध्ये पहिलीला दाखल झालेल्या मुलांची यादी मागावी. गावची शाळा लहान असेल तर त्यात दहा-बारा नावे असतील. त्यातली किती मुले आज वर्गात बसतात ते मोजावे, आणि जी दिसणार नाहीत त्यांच्या घरी त्याच दिवशी संध्याकाळी, वावरातून माणसे परतल्यावर, जाऊन बसावे.