मिठाच्या डोंगराचे वय

उपवासाच्या पदार्थांत घातले जाणारे सैंधव, म्हणजेच शेंदेलोण, प्रामुख्याने येत असे ते पंजाबातील खेवडा येथील खाणींतून. झेलम नदीच्या उत्तरेस पसरलेल्या या डोंगररांगेला भूगर्भशास्त्रात ‘सॉल्ट रेंज’ असे नाव आहे. आज ती पाकिस्तानात आहे. हे मीठ पृथ्वीच्या इतिहासात नेमके केव्हा साचले, या प्रश्नावरून १९४० च्या दशकात भारतातील शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. वादाच्या केंद्रस्थानी होते भारतातील पुरावनस्पतीशास्त्राचे जनक प्रा. बिरबल साहनी. डायनोसॉरच्या कितीतरी आधी या भूमीवर कोणती अरण्ये होती, हे दगडांतून वाचण्याची विद्या त्यांनी भारतात रुजवली. मात्र ज्या डोंगरांच्या परिसरात त्यांचे बालपण गेले, त्यांच्याच बाबतीत त्यांचे अनुमान चुकले, आणि तेही सुमारे पन्नास कोटी वर्षांनी!

साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी झेलमकाठच्या भेरा या गावी झाला. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. समाजसुधारणेचा ध्यास असलेल्या या गृहस्थांना मुलांना घेऊन डोंगरदऱ्या पायी तुडवण्याची हौस होती. हिमालयातील लांब पल्ल्याच्या भटकंतीप्रमाणेच खेवड्याच्या लालसर गुलाबी मिठाच्या कड्यांची ओळखही बिरबल यांना अशीच लहानपणी झाली. मुलाने सनदी सेवेत जावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलाने वनस्पतीशास्त्र निवडले. वडिलांनी फारसे ताणले नाही, हे भारतीय विज्ञानाचे भाग्यच म्हणायचे.

१९११ मध्ये लाहोरहून पदवी घेऊन साहनी केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना प्रा. ए. सी. सीवर्ड हे गुरू लाभले. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मृत्युमुखी पडलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने अखेरपर्यंत सोबत वागवलेले सुमारे सोळा किलो दगड याच काळात सीवर्ड यांच्याकडे अभ्यासासाठी आले होते. त्या दगडांत ‘ग्लोसॉप्टेरिस’ या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे आढळले. तशीच पाने भारतातील कोळशाच्या थरांत, शिवाय ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतही मिळत होती. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडणारे ठसेही याच वनस्पतीचे. सुमारे तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडात, तिची अरण्ये दक्षिणेकडील भूभागांवर पसरलेली होती. चंद्रपूरच्या खाणींतून निघणारा कोळसा हा त्याच काळातील अरण्यांचा अवशेष होय. पृथ्वीवरील सर्वांत भीषण जीवसंहारात, पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, ही अरण्ये नष्ट झाली. डायनोसॉर अवतरायला त्यानंतरही काही दशलक्ष वर्षे लागायची होती.

लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवून साहनी १९१९ मध्ये मायदेशी परतले. बनारस आणि लाहोर येथे अल्पकाळ अध्यापन केल्यावर १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. भारतातील गोंडवन खडकांतील वनस्पतींचे जुने वर्गीकरण त्यांनी सीवर्ड यांच्यासमवेत नव्याने तपासले. जीवाश्म म्हणजे नुसता ठसा नव्हे. तो कापावा, घासून पातळ करावा, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील पेशी पाहाव्यात, ही शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांना लावली. १९३६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. (रोहटकजवळच्या खोकराकोट येथे सापडलेल्या मातीच्या साच्यांवरून प्राचीन भारतात नाणी कशी ओतत, यावरही त्यांनी ग्रंथ लिहिला, पण तो निराळा विषय.)

खंडे सरकतात, हा जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांचा सिद्धान्त त्या काळी बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांना मान्य नव्हता. साहनी यांनी मात्र त्याकडे वनस्पतींच्या बाजूने पाहिले. भारतात पर्मियन काळी ग्लोसॉप्टेरिसची थंड हवामानातील अरण्ये होती, तर चीन आणि सुमात्रा येथे ‘जायगँटोप्टेरिस’ची, संपूर्णपणे वेगळी. आज सुमात्रा भारतापासून फार दूर नाही. मग शेजारच्या दोन भूभागांवर इतकी भिन्न वनश्री कशी? ते भूभाग तेव्हा शेजारी नव्हतेच, दोन्हींमध्ये विस्तीर्ण समुद्र होता, असे मानले तर कोडे सुटते. खंडांच्या सरकण्याला व्यापक मान्यता १९६० च्या दशकात मिळाली. तोपर्यंत साहनी हयात नव्हते.

मिठाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला तो कीर्तीच्या शिखरावर असताना. सॉल्ट रेंजमध्ये मिठाच्या थरांवर जांभळा वालुकाश्म आहे आणि त्याच्याही वर ट्रायलोबाइट या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म असलेले कॅम्ब्रियन खडक. खालचे ते जुने, हा साधा नियम लावला तर मीठ कॅम्ब्रियन किंवा त्याहून प्राचीन ठरते. मात्र मीठ दाबाखाली मऊ होऊन वाहते, घसरते. त्यामुळे प्राचीन खडकच भूकवचाच्या हालचालींत तरुण मिठावर येऊन बसले असावेत, अशी शंका विसाव्या शतकाच्या आरंभापासून घेतली जात होती.

साहनी यांनी मीठ पाण्यात विरघळवले आणि तळाशी उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात त्यांना लाकडाचे बारीक तुकडे आणि कीटकांच्या शरीराचे अंश दिसले. कॅम्ब्रियन काळात जमिनीवर झाडे नव्हती, कीटकही नव्हते. सजीवसृष्टी बहुतांशी समुद्रातच होती. फुलणाऱ्या वृक्षांचा उदय तर त्यानंतर सुमारे चाळीस कोटी वर्षांनी झाला. साहनी यांच्यापुढे दोनच पर्याय होते. एक, जीवसृष्टीचा सारा इतिहास चुकीचा मानायचा. दुसरा, मीठ तरुण मानायचे. त्यांनी दुसरा स्वीकारला आणि १९४४ मध्ये ‘नेचर’मधून आपले मत मांडले. त्यांच्या मते हे मीठ इओसीन कालखंडातील, म्हणजे जेमतेम चार-पाच कोटी वर्षांचे होते.

तिसराही पर्याय होता. तो म्हणजे, हे कण मिठात मागाहून शिरले असावेत. १९४४ आणि १९४५ मध्ये या एकाच विषयावर परिसंवाद भरवण्यात आले. सॉल्ट रेंजचे नकाशे तयार करण्यात अनेक वर्षे घालवलेले भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे ई. आर. गी हे पूर्वी स्वतः मीठ तरुण असल्याच्या बाजूचे होते. पण थरांचा क्रम पुन्हा पाहून त्यांनी मत बदलले. पाझरणारे पाणी आणि मिठातील भेगा यांतून अलीकडचे कण आत जाऊ शकतात, असा विरोधकांचा आक्षेप होता. साहनी यांनी नमुने धुऊन, आतले भाग निवडून, गाळलेले पाणी वापरून प्रयोग पुन्हा केले. कण पुन्हा मिळाले. त्यांच्या काटेकोरपणाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती, आणि बहुधा त्यामुळेच त्यांचा स्वतःच्या निष्कर्षावरील विश्वास ढळला नाही. वाद मिटण्यापूर्वीच फाळणी झाली. भेरा, लाहोर आणि खेवडा सीमेपलीकडे गेले.

दरम्यान १९४६ मध्ये साहनी यांनी लखनौत पुरावनस्पतीशास्त्राची स्वतंत्र संस्था स्थापन केली. त्यासाठी आपला जीवाश्मसंग्रह आणि ग्रंथालय देऊन टाकले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. नेहरूही केंब्रिजमध्ये भूगर्भशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र शिकलेले, शिवाय दोघांची जन्मतारीखही एकच. देशोदेशीचे जीवाश्म जडवलेली ती शिला साहनी यांनी खास तयार केली होती. त्यानंतर आठवड्याच्या आतच, १० एप्रिल रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय होते ५७. पुढच्या वर्षी स्टॉकहोम येथे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेचे मानद अध्यक्षपद त्यांना देण्यात आले होते. संस्थेची धुरा पत्नी सावित्री साहनी यांनी उचलली. जानेवारी १९५३ मध्ये इमारत पूर्ण होऊन तिचे उद्‌घाटन झाले, तेही नेहरूंच्याच हस्ते. तीच आजची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था.

१९५५ मध्ये शिंडेवोल्फ आणि झाइलाखर या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी सॉल्ट रेंजमधील कॅम्ब्रियन खडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समुद्रतळाच्या चिखलावरून सरपटत गेलेल्या प्राण्यांच्या खुणा त्यांना तेथे आढळल्या होत्या. पुढे तेलासाठी घेतलेल्या विहिरींतही मीठ कॅम्ब्रियन थरांच्या खालीच मिळाले. राजस्थानात नागौर-गंगानगर पट्ट्यात जमिनीखाली खोलवर मिठाचे तसेच थर आढळले, आणि तेही त्याच काळातील. खेवड्याच्या मिठाचे वय आता सुमारे ५४ कोटी वर्षे मानले जाते. खडक मिठावरून घसरल्याची शंका मात्र अगदीच निराधार नव्हती. सारी सॉल्ट रेंज तळाच्या मिठावरून दक्षिणेकडे सरकत आली आहे. पण मीठ आणि त्यावरचे खडक सरकले ते एकत्रच.