सर्कलला लेन कोणती घ्यायची? उत्तर शोधताना सापडलेले बॅरिस्टर जयकर

एरवी मी इथं ॲप, प्रोसेसर, नेटवर्क असल्या गोष्टी समजावून सांगतो. आजचा विषय रस्त्यावरचा आहे, आणि तो मला जरा महागात पडलेला आहे.

मागच्या दिवाळीत सुट्टीला जालन्याला आलो होतो. बाइक मी चालवत होतो, धाकटा भाऊ मागं बसला होता. एका मोठ्या सर्कलवरून आम्हाला उजवीकडं वळायचं होतं. मी सवयीप्रमाणं न थांबता आत घुसलो आणि डाव्या कडेनंच गोल फिरत राहिलो. आतल्या बाजूनं एक पिकअप आधीपासून फिरत होता. त्याचा डावा इंडिकेटर चालू होता, म्हणजे तो बाहेर पडत होता. मी मात्र सरळ त्याच्या वाटेत. बाइक घासली, आम्ही पडलो, भावाचं मनगट मोडलं. पिकअपवाल्या दादांनीच आम्हाला उचलून दवाखान्यात नेलं. चूक त्यांची नव्हतीच.

लायसन काढून मला आठ वर्षं झाली होती. तरी सर्कलला कुठली लेन धरायची हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी शोधलं नव्हतं. त्या रात्री शोधायला बसलो तेव्हा एक कागद सापडला: इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ६५, साल १९७६, विषय वाहतुकीची सर्कल. ही संस्था आली कुठून, हे खोदत गेलो तर एका मराठी माणसापाशी पोचलो.

कोण होते जयकर?

मुकुंद रामराव जयकर. जन्म १३ नोव्हेंबर १८७३, मुंबई, पाठारे प्रभू घराणं. पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय तुम्ही ऐकलं असेल, ते यांच्याच नावाचं. इंग्लंडला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टात वकिली केली. १९२३ नंतर मुंबईच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाकडून गेले, १९२६ पासून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात होते. इंजिनिअर ते अजिबात नव्हते, आणि आमच्या गोष्टीतली गंमत इथंच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर भारतात मोटारी वाढायला लागल्या. रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले, खडी दाबून केलेले. मोटारीच्या वेगानं ते उखडायचे. दुरुस्ती करायची कुणी? रस्त्यांचं खातं प्रांतांकडं गेलेलं, आणि बरेचसे रस्ते त्यांनी लोकल बोर्डांच्या गळ्यात टाकलेले. बोर्डांकडं पैसा नव्हता. शिवाय प्रत्येकाची रस्ता बांधायची पद्धत वेगळी. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फोनला वेगळा चार्जर.

१९२७ मध्ये सरकारनं यावर एक समिती नेमली आणि अध्यक्ष केलं जयकरांना. १९२८ मध्ये अहवाल आला. मुख्य मुद्दे असे:

- रस्ते हा संपूर्ण देशाचा विषय आहे. प्रांत आणि बोर्डं एकट्यानं तो पेलू शकत नाहीत.
- पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. रस्ता जो वापरतो, त्यानंच रस्त्याला पैसे द्यावेत.
- इंजिनिअरांनी एकत्र बसून अनुभव वाटून घ्यायला आणि स्टँडर्ड ठरवायला एक संस्था काढा.
- रस्त्यांवर संशोधन करणारी संस्थाही काढा.

करातून मिळणारा पैसा १ मार्च १९२९ पासून सेंट्रल रोड फंडात जमा व्हायला लागला. कर होता गॅलनला २ आणे, म्हणजे साधारण साडेचार लिटरमागं रुपयाचा आठवा हिस्सा. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९३९ मध्ये देशाला मोटार वाहन कायदा मिळाला. संशोधन संस्था पुढं स्वातंत्र्यानंतर दिल्लीत झाली.

समितीच्या कामानंतर जयकर गोलमेज परिषदांना गेले. गांधीजी आणि सरकार यांच्यात तेजबहादूर सप्रूंसोबत मध्यस्थी करणारेही तेच. १९३७ मध्ये फेडरल कोर्टाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांपैकी एक झाले, मग लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत त्यांनी मांडलं, की मुस्लिम लीग आणि संस्थानं येईपर्यंत उद्दिष्टांचा ठराव पुढं ढकलावा. सभागृहानं ठराव जानेवारी १९४७ पर्यंत पुढं ढकलला आणि मग मंजूर केला. पुढं ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि १९५६ पर्यंत राहिले. १० मार्च १९५९ ला ते गेले.

आता नीट बघा. घटना समितीत ते जे म्हणत होते, तेच सर्कलला लागतं: आत शिरायच्या आधी थांबा, दुसऱ्याला येऊ द्या. हे साम्य मी जोडलेलं आहे, त्यांनी नाही. आणि एक स्पष्ट सांगतो, जयकरांनी एकही सर्कल आखलं नाही. त्यांच्या समितीनं स्टँडर्ड बनवणारी यंत्रणा सुचवली. इंटरनेट चालतं ते सगळ्यांनी एकच प्रोटोकॉल मान्य केला म्हणून. रस्त्याचंही तसंच.

१९७६ चं स्टँडर्ड काय सांगत होतं?

१९७६ च्या आयआरसी ६५ नुसार सगळ्या बाजूंनी मिळून तासाला साधारण ३,००० वाहनं आली, की ती सर्कलची मर्यादा होती. त्यात कार १ धरली तर मोटारसायकल ०.७५, ट्रक-बस २.८ आणि बैलगाडी ४ ते ६! जालन्याच्या मोंढ्याकडं जाणारी गाडी आठवा, हा आकडा लगेच पटेल.

आधी कोण जाणार?

पूर्वी कित्येक देशांत आत शिरणाऱ्याला प्राधान्य असायचं. मग काय व्हायचं? आतले थांबायचे, बाहेर पडायची वाट अडायची, अख्खं सर्कल जाम. प्रोग्रामर याला डेडलॉक म्हणतात. १९६६ मध्ये ब्रिटननं नियम उलटा केला: आधी आतल्याला जाऊ द्या. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आतला माणूस आपल्या उजवीकडून येतो. २०१७ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९८९ च्या नियमांतही मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची होती. ही माझी पहिली चूक.

लेन कोणती? (चार रस्ते, दोन लेन)

रस्त्यावर बाण रंगवलेले असतील तर तेच पाळा. नसतील तर:

१. डावीकडं जायचंय: डावी लेन, डावा इंडिकेटर, पहिल्याच फाट्याला बाहेर.

२. सरळ जायचंय: डावी लेन. शिरताना इंडिकेटर नको. पहिला फाटा मागं पडला की डावा इंडिकेटर द्या आणि बाहेर पडा.

३. उजवीकडं किंवा यू-टर्न: उजवी लेन, उजवा इंडिकेटर, मधल्या बेटाजवळून फिरा. आपल्या आधीचा फाटा ओलांडला की डावा इंडिकेटर, डावा आरसा, मान वळवून एक नजर, मग सावकाश डावीकडं येऊन बाहेर.

४. फाटा चुकला? आडवं घुसू नका. अजून एक चक्कर मारा. अर्धा मिनिट जाईल, बाकी काही नाही.

माझी दुसरी चूक क्रमांक ३ ची होती. बाहेरच्या लेनमधून मी उजवीकडं निघालो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची वाट मी कापणारच होतो. पिकअप नसता तर दुसरं कुणी असतं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं हे पाळतं कोण? खरंय. म्हणूनच शिरताना वेग कमी ठेवा आणि समोरचा चुकेल असं धरूनच चाला. पण प्रोटोकॉल कुणीतरी आधी पाळायला सुरुवात करावीच लागते. २ आणे कोण देणार म्हणून तो फंड थांबला असता, तर आज वाचायला आयआरसी ६५ पण नसतं.

भावाचं प्लास्टर निघालं. या सुट्टीत बाइक त्यानं चालवली, मी मागं बसलो. सर्कल आलं, त्यानं वेग कमी केला, उजवीकडं बघितलं, एक एसटी जाऊ दिली आणि मग आतली लेन धरली. मागून दोन हॉर्न वाजले. आम्ही काही बोललो नाही.