झिप फाइल जगाला देणारे फिल काट्झ ३७व्या वर्षी मोटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडले होते

एखादी झिप फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. अगम्य चिन्हांच्या गर्दीत सर्वात आधी दोन इंग्रजी अक्षरं दिसतील, 'पी' आणि 'के'. वर्डच्या डॉक्स फाइलमध्ये आणि अँड्रॉइड ॲपच्या एपीके फाइलमध्येही हीच सुरुवात असते. ही फिल काट्झ या अमेरिकन प्रोग्रामरची आद्याक्षरं आहेत.

काट्झ यांचा जन्म १९६२चा. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या विद्यापीठात ते कॉम्प्युटर सायन्स शिकले. १९८०च्या दशकात लोक मोडेम लावून टेलिफोन लाइनवरून फाइल पाठवायचे. फाइल जितकी मोठी, तितका वेळ लाइन अडकून पडायची. म्हणून फाइल लहान करणारं 'आर्क' हे सॉफ्टवेअर लोकप्रिय होतं.

वेग वाढवला, पण कोर्टात अडकले

फाइल लहान करायला कॉम्प्युटरला खूप मेहनत करावी लागते. तेव्हाचे प्रोसेसर संथ होते, त्यामुळे वापरणारा ताटकळत बसायचा. काट्झ यांनी नेमकं हेच हेरलं. प्रोग्रामचे सर्वात जास्त वेळ खाणारे भाग त्यांनी असेंब्ली भाषेत लिहिले आणि 'पीकेआर्क' आणलं. काम तेच, वेग कितीतरी जास्त. १९८६मध्ये आईच्या घरातून त्यांनी 'पीकेवेअर' ही कंपनी सुरू केली.

१९८८मध्ये 'आर्क'च्या निर्मात्यांनी खटला भरला. तपासणीत काट्झ यांच्या कोडमध्ये मूळ कोडमधल्या टिपा, अगदी त्यातल्या स्पेलिंगच्या चुकाही आढळल्या. काट्झ यांना पैसे देऊन तडजोड करावी लागली. तरी अनेक वापरकर्त्यांची सहानुभूती त्यांच्याकडेच राहिली.

१९८९मध्ये त्यांनी स्वतःचा झिप फॉरमॅट आणला आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली केली. झिप जगभर पसरण्यामागे हा निर्णय महत्त्वाचा ठरला.

'डिफ्लेट' काय करतं?

१९९३च्या पीकेझिपमध्ये त्यांची 'डिफ्लेट' पद्धत आली. ती दोन टप्प्यांत चालते. आधी पुन्हा पुन्हा येणारा मजकूर शोधून त्याजागी 'मागे बघा' अशी छोटी खूण ठेवते. मग वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड कोड देते. या दुसऱ्या टप्प्याला हफमन कोडिंग म्हणतात. शोध जितका खोल, तितकी फाइल लहान, पण प्रोसेसरवरचा भारही तितकाच जास्त. म्हणूनच डिफ्लेट वापरणाऱ्या जीझिपमध्ये १ ते ९ अशा पातळ्या असतात.

हाच हिशोब आज फाइल सिस्टिममध्ये करावा लागतो. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस डिस्कवर लिहितानाच डेटा लहान करतात आणि वाचताना पुन्हा मोठा करतात. हे सतत चालत असल्याने तिथे जास्त प्रोसेसर खाणारी पद्धत महागात पडते. झेडएफएसमध्ये जीझिपचा पर्याय आहे. पण तिथे सर्रास वापरलं जाणारं एलझेडफोर हफमनचा टप्पाच गाळतं. डेटा थोडा कमी आकसतो, काम मात्र खूप वेगाने होतं. झेडस्टँडर्ड या दोन्हींचा मध्य साधतं.

एकाकी शेवट

कंपनी वाढत गेली, पण काट्झ दारूच्या आहारी गेले. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका मोटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. वर्षानुवर्षांच्या मद्यपानाने त्यांच्या स्वादुपिंडात रक्तस्राव झाला होता.

त्यांची आद्याक्षरं मात्र आजही रोज असंख्य फोन आणि कॉम्प्युटरवर लिहिली जातात, बहुतेकांच्या नकळत.