लुई पाश्चर : अर्धांगवायूनंतरची सत्तावीस वर्षे

पिसाळलेले कुत्रे चावले म्हणजे खेड्यातला मनुष्यही आज लस टोचून घेण्यासाठी दवाखान्याची वाट धरतो. ही वाट ज्याने प्रथम दाखविली तो लुई पाश्चर वैद्य नव्हता. आणि त्या समयी तो धडधाकटही नव्हता. त्याचा डावा हात आखडलेला असे व चालताना डावा पाय ओढावा लागे. हे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून त्याच्या चरित्राचा हाच भाग येथे विशेषेकरून सांगावयाचा आहे.

पाश्चरचा जन्म फ्रान्स देशातील दोल ह्या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी झाला. बाप कातडी कमावण्याचा धंदा करी. त्या धंद्याचा वास आमच्या पुष्कळ वाचकांच्या ओळखीचा आहे. मुलगा रसायनशास्त्र शिकून अध्यापक झाला, आणि दूध नासते व द्राक्षारस आंबतो तो डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे, हे त्याने प्रयोगांनी दाखविले.

सन १८६५ त दक्षिण फ्रान्सात रेशमाच्या किड्यांवर रोग पडून शेतकरी बुडत चालले होते. सरकारने पाश्चरला तिकडे धाडले. तोवर त्याने रेशमाचा किडा कधी हाताळलाही नव्हता. ह्याच वर्षी त्याचा बाप वारला. चार मुलींपैकी एक १८५९ त, दुसरी १८६५ त व तिसरी १८६६ त अशा त्या त्यास सोडून गेल्या. तरी काम चाललेच होते.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी सकाळी त्याच्या डाव्या अंगास मुंग्या आल्या. तशातच तो दुपारी विद्वत्सभेत निबंध वाचावयास गेला. रात्री झटका आला व डावे अंग लुळे पडले. तेव्हा तो अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता. बुद्धी मात्र स्वच्छ राहिली. आठवडाभरातच त्याने अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या एका सहकाऱ्यास रेशमाच्या किड्यांविषयीचा लेख तोंडाने सांगून लिहविला.

त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधणे चालू होते. हा आता जगत नाही, असे समजून अधिकाऱ्यांनी ते काम बंद ठेवविले. आजाऱ्यास हे कळल्यावाचून राहिले नाही, आणि त्याच्या मनाला ते फार लागले. मनुष्य जिवंत असता त्याचा हिशेब मिटविणारे लोक सर्वत्रच असतात. पुढे बादशहाच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा गवंडी पुन्हा कामावर आले.

तीन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १८६९ त, तो पुन्हा दक्षिणेस निघाला. त्याची रीत साधी होती. प्रत्येक मादी फुलपाखराने निराळ्या फडक्यावर अंडी घालावी; मग ती मादी पाण्यात चेचून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा; रोगाचे कण दिसले तर ती अंडी जाळून टाकावी, न दिसले तर ठेवावी. पत्नी मारी ही लेखनिकही झाली आणि किडे पोसणारीही.

नाजूक प्रयोग आता त्याच्या हाताने होईनात. डोळे व विचार त्याचे, हात मात्र रू, शांबरलां इत्यादी तरुण सहकाऱ्यांचे, असा क्रम पडला. गुरांच्या फाशी रोगावरील लशीची जाहीर परीक्षा मे १८८१ त पुयी-ल-फोर येथे झाली. लस टोचलेली चोवीस मेंढरे वाचली, न टोचलेली चोवीस मेली. ती लस वस्तुतः शांबरलांच्या रीतीने केली होती, आणि पाश्चरने हे उघड सांगितले नाही. त्याच्या वह्यांवरून ते मागाहून कळले. थोर मनुष्याचा दोष झाकण्यात आम्हांस काही लाभ दिसत नाही.

६ जुलै १८८५ रोजी एक आई आपला नऊ वर्षांचा मुलगा जोझेफ मायस्टर ह्यास घेऊन त्याच्या दारी आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावे घेतले होते. ही लस कुत्र्यांवर पारखलेली होती, पण मुलाचा प्राण म्हणजे कुत्रा नव्हे. रोगाने मेलेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून ती केली होती. आधी पुष्कळ वाळलेला व म्हणून निर्बळ, मग क्रमाक्रमाने ताजा, असा तो टोचावयाचा. टोचण्याचे काम डॉक्टर ग्रांशे ह्यांनी केले. दहा दिवसांत तेरा वेळा लस टोचली. त्या रात्री पाश्चरला झोप लागत नसे. मुलगा वाचला.

सन १८८७ त पुन्हा झटका येऊन त्याची जीभ जड झाली. १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसात त्याच्या नावाची संस्था उघडली, तेव्हा त्याचे भाषण त्याच्या मुलाने वाचून दाखविले. तो स्वतः जवळ बसून ऐकत होता. २८ सप्टेंबर १८९५ रोजी तो निवर्तला, व त्याच संस्थेत त्यास मूठमाती मिळाली.

त्या संस्थेत काम केलेला हाफकिन नावाचा तरुण १८९३ त पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला. मुंबईत प्लेगने घरे ओस पडत असता त्याने तेथे प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम आपल्याच अंगात टोचून घेतली.