पाखरांच्या शाळेचा सोबती

12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींचे आईवडील त्यांच्या बालपणीच निवर्तले. मामांनी त्यांना वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या कंठावर पिवळा डाग दिसला, ती कोणती हे विचारण्यास हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि आयुष्याची दिशा ठरली. पुढे बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझेमान यांच्यापाशी शिकून 1930 साली ते परतले, तरी नोकरी मिळेना. अखेर त्यांनी अलिबागजवळचे किहीम गाठले. तेथे सुगरणीचे खोपे दिवसेंदिवस न्याहाळून, नर अनेक घरटी विणतो व मादी त्यांतील एक पसंत करते, हे त्यांनी दाखविले. मेलेल्या पक्ष्याची कातडी मोजण्याहून जिवंत पक्ष्याची वागणूक पाहणे हेही शास्त्रच होय, हा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह किती योग्य होता, हे पक्ष्यांच्या गाण्याने सिद्ध केले. गायक पक्ष्याचे पिल्लू गाणे पूर्णत्वाने जन्मतः आणीत नाही. ते प्रौढ नराचे गाणे ऐकते, मेंदूत साठविते, मग बोबडे गुणगुणत स्वतःचा आवाज त्या आठवणीशी ताडून पाहते. ऐकू येईनासे झाले की ही साधना अपुरी राहते. 1976 मध्ये, सलीम अलींना पद्मविभूषण मिळाले त्याच वर्षी, फर्नांडो नोटेबोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरीच्या मेंदूतील गाण्याची केंद्रे दाखवून दिली.

म्हणजे गाणे ही केवळ देहाची नव्हे, तर परंपरेचीही ठेव आहे. गुरू विरळ झाले की विद्या लोपते. ऑस्ट्रेलियातील रीजंट हनीइटर हा पक्षी इतका दुर्मिळ झाला, की त्याचे काही तरुण नर परक्या जातींची गाणी गाऊ लागल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

पनवेल तालुक्याने याचा विचार करावयास हवा. ओवे गावाच्या शेताडीला लागून खारघरच्या इमारती उभ्या राहिल्या. 1968 पासून अभयारण्य असलेल्या कर्नाळ्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. विकास नको, असे कोणी म्हणणार नाही. परंतु झाडे मोजून रान वाचले, असे समजणे पुरेसे नाही. पिल्लाला गुरूचा स्वर ऐकू येईल एवढी शांतताही राखावी लागते. वृक्षगणनेबरोबर आवाजाचीही मोजदाद व्हावी आणि शाळांनी मुलांना पहाटे कान देऊन ऐकण्यास न्यावे.

20 जून 1987 रोजी सलीम अली गेले. त्यांच्या जयंतीला हार घालणे सोपे आहे. पाखरांची शाळा उघडी ठेवणे हेच खरे स्मरण ठरेल.