अंगणवाडीच्या ताराबाई

अंगणवाडी हा शब्द आता इतका रुळला आहे की तो कोणी आणि कोठे घडविला याची चौकशी करण्याचे कोणास सुचत नाही. सरकारी योजनांचे शब्द बहुधा राजधानीत तयार होतात आणि तेथून खेड्यापर्यंत उतरतात. या शब्दाचा प्रवास उलटा झाला. तो डहाणूजवळच्या समुद्रकाठच्या एका गावात जन्मला आणि पुढे दिल्लीने तो उचलला. आज कर्नाटकात, जुन्या कारवार जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, जंगलातील कुणबी वाड्यांतूनही हाच शब्द कन्नड लिपीत पाटीवर लिहिलेला असतो. तेथे जाणारे मूल कोकणी बोलो वा मराठी, कन्नड बोलो वा सिद्दींची बोली, त्याच्या पहिल्या शाळेचे नाव एका मराठी बाईने ठेवलेले आहे. त्या ताराबाई मोडक. बडोद्याच्या वाचकांस त्यांची ओळख नव्याने करून देणे मला अगत्याचे वाटते, कारण त्यांच्या आयुष्याची घडण निम्मी गुजरातेत आणि निम्मी महाराष्ट्रात झाली, आणि असे आयुष्य आपल्यासारख्या घराण्यांस परके नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरच्या त्या केळकर. घरातले वातावरण प्रार्थना समाजाचे, म्हणजे मुलीने शिकावे यात कोणास वावगे न वाटणारे. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्री हे दृश्य मुंबईतसुद्धा विरळाच होते. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वऱ्हाडात प्रतिष्ठित घर, हाती पदवी, पदरी एक मुलगी. बाहेरून पाहणाऱ्यास सारे यथास्थित वाटावे असे होते. परंतु संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास त्या विभक्त झाल्या. त्या पिढीत असा निर्णय घेणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास काय येत असे हे जुन्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस सांगावयास नको. ताराबाईंनी त्याविषयी गवगवा केला नाही. त्या काठेवाडात निघून गेल्या आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या.

ही नोकरी मानाची होती आणि पगारही चांगला होता. ती त्यांनी सोडली, आणि त्यांच्या आयुष्याचे खरे वळण तेथे आहे असे मी समजतो. जवळच भावनगर संस्थानात दक्षिणामूर्ती ही संस्था होती. तेथे गिजुभाई बधेका या गृहस्थांनी वकिली टाकून १९२० साली बालमंदिर काढले होते. गुजरातने प्रेमाने ज्यांस मिशाळ आई ठरविले तेच हे गिजुभाई. मुलांस मारू नये, भीती घालू नये, त्यांच्या हातांस काम द्यावे आणि गोष्टीगाण्यांतून त्यांची वाढ होऊ द्यावी, हा त्यांचा परिपाठ. ताराबाई भावनगरास गेल्या आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राबल्या. मराठी मातृभाषा असलेल्या या बाईंनी गुजराती आपलीशी केली, गुजराती पालकांसाठी लिहिले आणि शिक्षण पत्रिका चालविण्यात वाटा उचलला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यातही त्या अग्रभागी होत्या. दोन भाषांत सारख्याच सहजतेने वावरणे म्हणजे काय ते आपणा बडोदेकरांस ठाऊक आहे. ताराबाईंनी त्या सहजतेचा उपयोग लहान मुलांसाठी केला.

१९३२ च्या सुमारास त्या मुंबईस परतल्या. शिक्षण पत्रिकेची मराठी आवृत्ती सुरू झाली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला. दादर म्हणजे मराठी मध्यमवर्गाचे माहेरघर. तेथील पालकांनी नव्या पद्धतीचे स्वागत केले, शिक्षिका तयार होऊ लागल्या, ताराबाईंचे नाव सर्वतोमुखी झाले. येथे एखाद्याचे समाधान झाले असते. ताराबाईंना मात्र एक गोष्ट सलत राहिली. मादाम मॉन्टेसोरींनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह काढले ते सान लोरेन्झो या गरीब वस्तीतील, कामकऱ्यांच्या मुलांसाठी. हिंदुस्थानात येईपर्यंत त्याच पद्धतीस महाग लाकडी साधनांचा, स्वच्छ हवेशीर वर्गांचा आणि ऐपतदार पालकांचा आधार लागू लागला. ज्या मुलास घरी काहीच मिळत नाही त्यास या विद्येची गरज सर्वांत अधिक. आणि तेच मूल तिच्यापासून सर्वांत दूर. महात्मा गांधींचा नव्या शिक्षणाचा विचार याच सुमारास देशापुढे आला होता आणि त्याचा रोख खेड्याकडे होता. पन्नाशी उलटल्यावर, मुंबईतील जम बसलेली संस्था मागे ठेवून, ताराबाई १९४५ च्या अखेरीस बोर्डीस गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

तो काळ आणि तो मुलूख ध्यानात घेतल्याखेरीज या पावलाची किंमत कळत नाही. डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत वारली समाज मोठा. जमीन सावकारांच्या व जमीनदारांच्या हाती गेलेली, वेठ ठरलेली. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही धनकोच्या घरी राबावयाची. अशा माणसांस लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची सभा भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मृत्यू पावले. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच टापूत, ताराबाई आपले बालशिक्षणाचे काम घेऊन उतरल्या.

बोर्डीस त्यांनी प्रथम बालवाडी काढली आणि पहिल्याच पायरीस अडचण उभी राहिली. दलित वस्तीतील व आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. आईबाप पहाटे मजुरीस जात. घरचे मोठे भावंड धाकट्यास सांभाळी किंवा गुरे वळी. अंगावर धड वस्त्र नसलेले मूल गावातून चालत बालवाडीपर्यंत यावयास लाजे, आणि वाटेत कोणाच्या दारावरून जावे यालाही जुन्या मर्यादा होत्या. पालक अडाणी आहेत, त्यांस शिक्षणाची गोडी नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे होते; अनेकांनी तो काढलाही होता. ताराबाईंनी वेगळा हिशोब मांडला. तीन वर्षांच्या मुलाने मैलभर चालण्यापेक्षा तीस वर्षांच्या बाईने चालणे अधिक शहाणपणाचे. तेव्हा शिक्षिका वस्तीत जाऊ लागली आणि कोणाच्या तरी घरापुढील सारवलेल्या अंगणात मुले जमू लागली. तीच अंगणवाडी.

तेथील दिनक्रम साधा होता. आधी मुलांस आंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. दुकानातून आणलेली साधने परवडण्यासारखी नव्हती आणि ताराबाईंना ती हवीही नव्हती. शिंपले, खडे, चिंचोके, पाने, फुले, बिया, माती यांतून मोजणे, निवडणे, रंग ओळखणे, लहानमोठे लावणे हे सारे शिकविता येते हे त्यांनी दाखवून दिले. मॉन्टेसोरींच्या साधनांमागचे शास्त्र त्यांनी सोडले नाही, त्याचा खर्च तेवढा वगळला. शिवाय अंगणात चाललेले सर्वांस दिसते. दारात बसलेली आजी पाहते, कामावरून आलेली आई पाहते, आणि मूल कसे धुवावे, कसे बोलते करावे, हे न सांगता घरात शिरते. उपदेशाची सभा घेऊन जे साधले नसते ते या उघडेपणामुळे साधले.

या कामात त्यांस सोबत मिळाली ती अनुताई वाघ यांची. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते. त्या जिद्दीने शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. १९४५ साली त्या ताराबाईंच्या संपर्कात आल्या आणि पुढे आमरण त्याच कामात राहिल्या. ताराबाईंची योजकता आणि अनुताईंची चिकाटी यांचा मेळ असा बसला की यातील कोणाचे किती हे वेगळे करू नये. गुरूची कीर्ती शिष्येने वाढविली, आणि शिष्येस पुढे करण्यात गुरूने कधी कसर केली नाही.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता काम थेट वारली पाड्यांत आले. येथे अंगणवाडीही पुरेना, कारण वय वाढलेली मुले रानात गुरांमागे असत. त्यांना शाळेत बोलाविले तर घरचा धंदा बुडणार. मग शिक्षक कुरणात गेला आणि गुरे चरत असताना तेथेच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणू लागले. मुली धाकटी भावंडे कडेवर घेऊन येत, तेव्हा शाळेला जोडून पाळणाघर झाले. दिवसा मजुरी करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकांस लागून, अशी ही विकासवाडी. प्रत्येक वेळी नियम वाकला तो संस्थेचा. मुलाच्या घरची घडी मोडावयास लावली नाही.

ताराबाईंच्या कामावर एक आक्षेप घेतला जाई आणि तो मला किरकोळ वाटत नाही. जेथे माणूस कर्जापायी बांधला गेला आहे तेथे गाणी आणि शिंपले घेऊन जाण्यात काय अर्थ, आधी जमीन आणि मजुरी यांचा निकाल लागला पाहिजे, असे म्हणणारे होते. वेठ मोडली ती लढ्यामुळे, बालवाडीमुळे नव्हे, हे कबूल केले पाहिजे. परंतु वेठ मोडल्यावर मोकळ्या झालेल्या माणसाच्या मुलाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर लढ्यात नव्हते. परुळेकर दांपत्याने बापाचा कणा ताठ केला, ताराबाई-अनुताईंनी मुलाच्या हाती पाटी दिली. एकाच मुलखात, एकाच दशकात, निरनिराळ्या मतांच्या मराठी स्त्रियांनी ही दोन कामे केली, आणि वारल्यांच्या घरात ती दोन्ही पोहोचली.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रास अंगणवाडी हे नाव मिळाले. ताराबाईंनी तो दिवस पाहिला नाही. अनुताईंनी पाहिला, १९८५ मध्ये पद्मश्री होऊन त्या १९९२ साली निवर्तल्या.

आता पुन्हा जोयड्याकडे वळतो. हा तालुका १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याचे जुने ठाणे सुपे. ते काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तेथील कुटुंबे रामनगरसारख्या ठिकाणी वसविली गेली. उरलेला मुलूख बहुतेक जंगलाचा, आता व्याघ्रप्रकल्पाचाही. वाड्या चारसहा घरांच्या आणि एकमेकींपासून दूर. पूर्वीची कुमरी शेती जंगल कायद्यांनी बंद झाली. कुणब्यांनी भातशेती आणि कंदमुळांच्या लागवडीवर दिवस काढले. गोव्यातील त्यांच्याच भाईबंदांचा २००३ साली अनुसूचित जमातींत समावेश झाला, त्याच वर्षी या जिल्ह्यातील सिद्दींनाही तो दर्जा मिळाला; घाटावरचे कुणबी मात्र त्या यादीबाहेर राहिले. अशा प्रदेशात पुढारी, अधिकारी, सेवाभावी मंडळी जे जे करू पाहतील त्यांच्यापुढे बोर्डीचाच प्रश्न उभा राहणार: चालावयाचे कोणी, मुलाने की बाईने?

पाटी आणि शिधा पोहोचविणे ही सरकारची करामत, आणि ती लहान नाही. उपाशी मुलास आधी घास हवा हे ताराबाईंनाही मान्य होते. पण त्यांच्या अंगणवाडीत घासाबरोबर गाणे होते आणि ते गाणे मुलाच्या घरच्या बोलीला ओळखत होते. जोयड्याच्या वाडीवर जे मूल घरी कोकणी-मराठी बोलते त्याच्यावर पहिल्याच दिवशी परक्या शब्दांचा मारा झाला तर ते गप्प बसेल; आणि गप्प बसलेल्या मुलास मंद ठरविण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. कन्नड त्याने शिकलेच पाहिजे, ती त्याच्या राज्याची भाषा आहे. परंतु त्या भाषेपर्यंतची वाट त्याच्या आईच्या बोलण्यातून जावी, एवढे ताराबाईंच्या पद्धतीतून निघते. मराठी माणसाने येथे भाषेचा अभिमान धरावयाचा असेल तर तो याच गोष्टीचा धरावा.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्तीने शाळेचे दार उघडते. त्या दारापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलाच्या अंगणात जाऊन बसण्याचे काम कायद्यास जमत नाही, ते माणसासच करावे लागते. राजकोटची प्राचार्यपदाची खुर्ची सोडून निघालेल्या ताराबाई अखेर कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत रमल्या, आणि तो शब्द मागे ठेवून गेल्या. तो उच्चारताना निदान त्यातल्या अंगणाची आठवण राहावी.