अफूच्या चिकातले कोडे

अफूच्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो आणि सुकून तपकिरी होतो. हीच अफू. हजारो वर्षे माणसाने तिच्या आधाराने वेदना सोसल्या. तान्ह्या मुलांना ती चाटवून निजवण्याची रीत आपल्याकडेही होती. पण तिचा भरवसा नव्हता. एका शेतातली अफू जहाल, दुसऱ्या शेतातली मवाळ. एकाला जी मात्रा पुरत नसे, तिनेच दुसरा कायमचा झोपी जाई. हे कोडे सोडवले ते कुणा प्राध्यापकाने नव्हे, तर औषधाच्या दुकानातल्या एका उमेदवाराने. त्याचे नाव फ्रीडरिख झेर्ट्यूर्नर.

जर्मनीतील पाडरबोर्नजवळ नॉयहाउस येथे १७८३ मध्ये त्याचा जन्म झाला. वडील लवकर वारले. सोळाव्या वर्षी तो पाडरबोर्नच्या एका औषधशाळेत कामाला लागला. खलबत्ता चालवता चालवता त्याला एकच प्रश्न छळू लागला : एवढ्या चिकात गुण नेमका कशाचा? १८०४ च्या सुमारास अफूच्या अर्कात त्याने अमोनिया घातला, तेव्हा तळाशी स्फटिक बसले. ते त्याने कुत्र्यांना देऊन पाहिले. कुत्री झोपी गेली. अफूचा जीव याच स्फटिकांत होता!

वनस्पतींतून आम्लेच मिळतात, अशी त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. हा पदार्थ तर अल्कलीसारखा वागत होता. १८०६ च्या सुमारास त्याचा लेख छापून आला. पण पदवी नसलेल्या पोराचे कोण ऐकणार?

त्याने हार मानली नाही. पुढे त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला. सुमारे तीस मिलिग्रॅमची एक, अशा तीन मात्रा प्रत्येकाने पाऊण तासात घेतल्या. चेहरे लाल झाले, भोवळ आली, शुद्ध हरपू लागली. शेवटी त्याने सर्वांना व्हिनेगर पाजून ओकाऱ्या काढायला लावल्या, म्हणून निभावले. हा वृत्तान्त त्याने १८१७ मध्ये छापला. स्वप्नदेव मॉर्फियसच्या नावावरून द्रव्याचे नाव पडले मॉर्फिन. फ्रान्सच्या गे-लुसॅकने त्या लेखाची दखल घेतली आणि युरोप जागा झाला. येना विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. लवकरच स्ट्रिक्निन आणि क्विनिनही हाती आले. आता औषध मोजून देता येऊ लागले.

त्याचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. आइनबेकमधली औषधशाळा राजवट बदलल्यावर हातची गेली. पुंगीवाल्याच्या गोष्टीतल्या हॅमेलिन गावी त्याने पुन्हा दुकान थाटले. १८३१ मध्ये पॅरिसहून मानाचे पारितोषिक आले, पण मन उदासच राहिले. २० फेब्रुवारी १८४१ रोजी तेथेच त्याचे निधन झाले.

त्याचा प्रश्न मात्र जिवंत राहिला. गुण कशात, हे त्याने सांगितले; झाड तो घडवते कसा, हे कळायला संगणकाचे युग यावे लागले. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी अफूच्या झाडाचा सुमारे २७० कोटी अक्षरांचा जनुकीय आराखडा वाचला. एवढी अक्षरे माणूस कुठवर चाळणार? ती संगणकाने चाळली. औषधी द्रव्ये घडवणारी पंधरा जनुके एकाच ठिकाणी दाटीने बसलेली आढळली. जनुकांचे असे घोळके संगणकाने हेरले, तर इतर झाडांतही अनोळखी द्रव्याचा माग चीक उकळण्याआधीच लागू शकतो. साधने बदलली, तरी शोध तोच आहे : झाडात गुण आहे हे सारेच जाणतात, तो नेमका कशात, हे कुणीतरी विचारावे लागते.